विद्येसाठी पत्करलेले परकेपण

विद्यार्जनासाठी परदेशी गेलेल्या तरुणाचा पहिला दिवस म्हणजे निव्वळ गैरसोयींची मालिका, ती एकदा संपली आणि निवाऱ्याची व जेवणाची तजवीज लागली की खरे शिक्षण दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मला ती मान्य नाही. ज्या दिवशी मातृभाषा, ओळखीपाळखी, घराण्याचा लौकिक आणि आजवर मिळवलेले गुण यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही, त्याच दिवशी मनुष्य प्रथम सर्वार्थाने विद्यार्थी होतो. आणि पुढील काळात त्याला जी विद्या प्राप्त व्हायची असते, तिचे अधिष्ठान त्या दिवसाच्या अगतिकतेतच असते.

भूमध्य समुद्राच्या काठावरील नेपल्सचेच उदाहरण घ्यावे. आपल्याकडची एखादी विद्यार्थिनी त्या शहरात उतरते, तेव्हा आल्यापासून कामाच्या 8 दिवसांत वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज गुदरणे तिला कायद्याने बंधनकारक असते. त्या अर्जाचा लिफाफा टपाल कचेरीत मिळतो, अर्जावर 16 यूरोंचा मुद्रांक लागतो, आणि पुढे पोलीस कचेरीत बोटांचे ठसे देऊन यावे लागते. या खटपटीतून थोडी उसंत मिळाल्यावर ती कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरते आणि फळीपाशी उभी राहते. भोवतालची माणसे येतात, दोन घोटांत पेला रिकामा करून निघून जातात, तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. अखेर एक वृद्ध गृहस्थ काही न बोलता गल्ल्याकडे बोट दाखवतात. आधी पैसे भरायचे, पावती घ्यायची, ती फळीवर ठेवायची, मग प्रथम पाण्याचा पेला आणि त्यामागून कॉफी, हा तेथील क्रम तिला उमगतो. गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु निरीक्षण, धीर, अज्ञानाची कबुली आणि अनोळखी माणसाने दाखवलेल्या दिशेवर विश्वास, ही ज्ञानसाधनेची चारही अंगे त्या फळीपाशी एकत्र आलेली असतात.

हे परकेपण फार प्राचीन आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने एक सनद देऊन, विद्येच्या प्रेमापायी स्वदेश सोडणाऱ्यांना प्रवासात अभय दिले, आणि त्यांच्या देशबांधवांच्या कर्जापायी त्यांना कोणी अडवू नये, अशी ताकीद दिली. पुढे त्याचाच नातू दुसरा फ्रेडरिक याने 1224 साली नेपल्सचे विद्यापीठ स्थापन केले, ते मात्र अगदी भिन्न हेतूने: आपल्या प्रजेने शिक्षणासाठी मुलखाबाहेर जाऊ नये, आणि जे गेले असतील त्यांनी परत यावे, असे त्याचे फर्मान होते. राज्यकारभाराला कायदेपंडित हवे होते आणि ते घरच्या घरी तयार व्हावेत, हा हिशेब राजाच्या दृष्टीने चोखच होता. आजोबाने ज्या देशांतराचा गौरव केला, ते नातवाला अनावश्यक वाटले.

परंतु विद्येने तो हिशेब जुमानला नाही. याच विद्यापीठात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस तरुणपणी शिकला; त्याच्या गुरूंपैकी एक आयर्लंडचा होता, असे त्याचा आद्य चरित्रकार नमूद करतो. जो ॲरिस्टॉटल तेथे शिकवला जात होता, तो ग्रीक खरा, पण इब्न रुश्दच्या अरबी भाष्यांचा हात धरून आलेला. आणि ती भाष्ये लॅटिनमध्ये आणणारा मायकेल स्कॉट, फ्रेडरिकच्याच दरबारातला, जन्माने स्कॉटिश होता. विद्यार्थ्यांना सरहद्द ओलांडण्याची मनाई करता आली, तरी ज्ञान सरहद्द ओलांडूनच आले. कोणाला तरी परके व्हावेच लागते. शिष्याने ते नाकारले, तर गुरूला आणि ग्रंथाला व्हावे लागते.

नेपल्सच्या ज्या अरुंद रस्त्यांतून ही विद्यार्थिनी पहिल्या संध्याकाळी वाट शोधते, त्यांची आखणी मूळ ग्रीक वसाहतकारांची. त्याच रस्त्यांच्या जाळ्यात एका लहानशा चौकात नाईल नदीच्या देवतेची संगमरवरी मूर्ती पहुडलेली आहे. रोमन काळात येथे राहिलेल्या अलेक्झांड्रियाच्या लोकांनी ती स्थापिली होती. मध्ययुगात ती मस्तकाविना सापडली, तेव्हा अंगावर बागडणारी बालके पाहून लोकांनी तिला स्तनपान करवणारी माता, साक्षात आपल्या नगरीची जननी मानले. दाढीचे मस्तक तिला सतराव्या शतकात बसवण्यात आले. परदेशी वस्तीने आणलेला देव शहराने आपली आई म्हणून पुजावा, यापरते आतिथ्य ते कोणते!

या आतिथ्याला केवळ सद्भावना पुरत नाही, त्याला व्यवस्था लागते. फ्रेडरिकच्या स्थापनापत्राचा हा भाग मला त्यातील मनाईहून अधिक मोलाचा वाटतो: विद्यार्थ्यांना द्यावयाच्या घरांचे भाडे दोन नागरिक आणि दोन विद्यार्थी मिळून ठरवतील, ग्रंथ तारण ठेवून त्यांना कर्ज मिळेल, आणि अभ्यासापुरते ते ग्रंथ परतही दिले जातील. आठशे वर्षांपूर्वी एका राजाला सुचलेली ही न्यायबुद्धी आपल्यापाशी किती आहे, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायला हवा. पुण्यात आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून विद्यार्थी येतात. आपल्या मुलीला नेपल्समध्ये प्रेमाने वागवले जावे, अशी इच्छा धरणाऱ्या आपण त्यांना घर देताना त्यांचा वर्ण आणि त्यांचे अन्न पाहून दार लावून घेत असू, तर विद्यानगरीचे बिरुद मिरवण्याचा आपल्याला काय अधिकार?

आणि जाणाऱ्यानेही पहिल्या दिवसाची अगतिकता लवकरात लवकर संपवण्याची घाई करू नये. स्वदेशीयांच्या कोंडाळ्यात शिरून ती झाकता येते, पण त्याबरोबर पाहण्याची तीव्रताही मंदावते. स्वतःचे सत्त्व न सोडता, आपण येथे काहीच जाणत नाही असे जो प्रसन्न मनाने म्हणू शकतो, त्यालाच शिकवावे असे परक्या नगरीला वाटते. आणि मायदेशी परतल्यावर दाराशी आलेल्या परक्याला ओळखण्याची दृष्टीही त्यालाच लाभलेली असते.