गब्बर पायाखाली येतो तेव्हा

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणारी, कंदमुळं न खाणारी, मुंगी दिसली तर पाऊल बाजूला टाकणारी आपली घरं. त्याच घरांत टीव्हीवर ‘शोले’ लागला की आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतात. पुढे काय होणार ते पाठ असतं, तरी कुणी उठत नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला हा सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. आपल्या बुरहानपुरासारख्याच यंत्रमागाच्या मालेगावात तर २००० साली हौशी मंडळींनी ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले!

सगळंच त्यात वाजवीपेक्षा जास्त. टाकीवर चढून लग्नाची मागणी काय, हात नसलेल्या ठाकूरची लढाई काय. आणि म्हणूनच ते आवडतं. आपल्या रोजच्या जगण्यात न्याय इतका डोळ्यांदेखत कुठे मिळतो?

“पडद्यावर कोण मरतंय? सगळं खोटंच,” असं आपण म्हणतो. खरंय, तिथे द्रव्यहिंसा नाही. पण भावहिंसेचं काय? पाठशाळेतली तंदुल मत्स्याची गोष्ट आठवा. तांदळाच्या दाण्याएवढा तो जीव. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून लहान मासे आत-बाहेर करताना बघतो आणि मनात म्हणतो, याच्या जागी मी असतो तर एकही सोडला नसता. एकही मासा न खाता तो सातव्या नरकात जातो. करणं, करवणं आणि अनुमोदना, तिन्हींचा हिशेब आपल्याकडे होतो.

मग ‘शोले’ बघायचाच नाही? मला तसं वाटत नाही. गृहस्थासाठी विरोधी हिंसा वेगळी आणि संकल्पी हिंसा वेगळी सांगितली आहे. डाकू रामगढवर चालून येतात आणि जय-वीरू बंदूक उचलतात, ती विरोधी. पण गब्बर हरलाय, जमिनीवर पडलाय, आणि ठाकूरचे खिळ्यांचे बूट त्याच्या अंगावर येतात, तिथून पुढचं संकल्पी. गाव तर वाचलेलं असतं. तरी आपल्या मनाला अजून काही हवं असतं. ते ‘अजून’ म्हणजेच अनुमोदना.

या सिनेमाच्या मूळ शेवटी ठाकूर गब्बरला मारतोच. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरनं तो शेवट बदलायला लावला, म्हणून पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात असं आपण वर्षानुवर्षं पाहिलं. मूळ शेवट डिसेंबर २०२५ मध्ये थिएटरात लागला. त्यात गब्बरला मारल्यावर ठाकूर रडतो. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते झालं, मग रडू कसलं? हात परत आले नाहीत, घरची माणसं परत आली नाहीत. पोलिसांच्या उपदेशापेक्षा हे रडणंच जास्त शिकवतं.

गोष्ट पडद्यापुरती राहत नाही, म्हणून हे लिहितेय. बाजारात चोर सापडतो, चारजण त्याला तुडवतात, आणि गॅलरीतून आपण म्हणतो, “बरं झालं, असंच पाहिजे.” आपला हात लागलेला नसतो. तंदुल मत्स्यानंही दात लावला नव्हता.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘शोले’ खुशाल बघा, मुलांना घेऊन बघा. फक्त गब्बर पायाखाली आला आणि मुलांनी टाळ्या पिटल्या, की हळूच विचारा, “गाव वाचलं ना बाळा? मग आता अजून काय हवंय?” उत्तर आपणही शोधायचं आहे.