निनावी स्थपतीचे चरित्र

देवगाव रंगारीसारख्या गावातील शालेय ग्रंथालयासाठी वास्तुविशारदांची बालचरित्रे लिहायची, तर 1927 मध्ये पुण्यात जन्मलेल्या आणि 2018 चा प्रित्झकर पुरस्कार मिळालेल्या बाळकृष्ण दोशींचे चरित्र सहज सिद्ध होते; पण देवगाव रंगारीच्याच जिल्ह्यातील वेरूळच्या कैलास लेण्याच्या स्थपतीचे, म्हणजे वास्तू मनात योजून ती कारागिरांकडून घडवून घेणाऱ्याचे, काय करावे? आठव्या शतकात हे मंदिर एकसंध कातळातून वरून खाली कोरले गेले, आणि नाव उरले ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे. इ. स. 812-13 च्या बडोदे ताम्रपटात स्थपती येतो खरा, पण निनावी. आपल्या हातून हे घडले तरी कसे, या विचाराने तो स्वतःच थक्क झालेला आहे. कथापरंपरेने त्याला पुढे कोकस हे नाव दिले, तेही मुलांपुढे कथा म्हणूनच ठेवणे प्रामाणिकपणाचे. कर्तृत्व, म्हणजे ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा हक्क, त्या विस्मयात सैल पडते, आणि चरित्रलेखनाची अडचण नेमकी इथेच होते, कारण चरित्राला जन्मगाव, आईवडील आणि जमल्यास बालपणीची हुशारीही हवी असते. मंदिराभोवतीच्या कातळकड्यावर टाकीचे घाव अजून दिसतात; त्यांतला कोणता कोणाच्या हातचा, हे ताम्रपटही सांगत नाही.