मणक्यातला गॅप आणि नाईट शिफ्ट

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर दोन संस्था आहेत. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनसाठी स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आणि लोणावळ्यात १९२४चं कैवल्यधाम. तिथे स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात त्यांच्या नोंदी छापल्या. औषध विरुद्ध योग हा वाद त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेत नेला होता. आपण मात्र अजून बाजू घेऊन भांडतो.

पेनिसिलिन रोग्याची मनःस्थिती विचारत नाही. क्षयाचे जंतू प्राणायामाने मरत नाहीत, तिथे महिनोन्‌महिने गोळ्याच घ्याव्या लागतात. यात मला तडजोड मान्य नाही.

पाठदुखीचं तसं नाही. ‘मणक्यात गॅप आलाय, सुई मारा डॉक्टर, सेकंड शिफ्टला जायचंय’ म्हणणारा चाकणचा कामगार घ्या. एमआरआयमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. अपुरी झोप, नोकरीची धास्ती यांनी तीच कळ वाढते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग, ध्यान सुचवलं, ते उगाच नाही. पाठदुखीपलीकडेही पाहा: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ भारतीय रुग्णांवर योगाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२०मध्ये आले. योगाने पुढचे झटके किंवा मृत्यू टळतात असं त्यातून सिद्ध झालं नाही. पण योग करणारे आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगल्या प्रकारे परतले. हातावर पोट असणाऱ्याला ही गोष्ट लहान नाही.

अडचण आहे वेळेची. सुई पाच मिनिटांत होते. योगाला महिनोन्‌महिने रोजचा वेळ आणि ठरलेली झोप लागते. आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या, ओव्हरटाइमवर घरभाडं भागवणाऱ्या कंत्राटी पोराने हे आणायचं कुठून? कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआयच्या नियमांत आजारपणात ७० टक्के मजुरी, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. माझ्या मते मन आणि शरीर दोन्हींवर या पगारी विश्रांतीइतकं चांगलं औषध दुसरं नाही. पण रजेवर गेलं की ठेकेदार दुसरा माणूस उभा करील, या भीतीने ते घेतलंच जात नाही. (२१ जूनला, योगदिनी, कंपनीच्या आवारात चटया अंथरायला मात्र कुणाची हरकत नसते.)

डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोळ्यांखाली ‘महिनाभर नाईट नको’ असंही लिहिलेलं असावं, आणि ते सुपरवायझरच्या मर्जीवर सोडलेलं नसावं.