एका वेळी एकच बदल

रोह्याला भाच्यासाठी सुटे भाग आणून संगणक जोडला. पंखे फिरले, बायॉसमध्ये एनव्हीएमई डिस्क दिसली. विंडोज ११ च्या सेटअपमध्ये मात्र ड्राइव्हची यादी रिकामी. डिस्क काढून परत बसवली, पेन ड्राइव्ह नव्याने बनवला. कारण निघालं इंटेलच्या व्हीएमडी या सोयीत: ती चालू असली की डिस्क तिच्या आड जाते आणि ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला दिसत नाही. 'लोड ड्रायव्हर'मधून तो दिला, यादी भरली. असल्या कामात मी शिस्तीचा. एका वेळी एकच बदल, आणि खरं कारण सापडेपर्यंत अंदाजावर भरवसा नाही.

प्रॉडक्ट कीची चौकट 'की नाही' म्हणत आधीच ओलांडली होती. डेस्कटॉप उघडल्यावर कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उमटलं. "मामा, क्रॅक टाकू ना, सगळेच टाकतात." माझ्या मनात कारणं तयारच होती: परवाना महाग, कंपनी गडगंज, पोरगं शिकतंय. मग डिस्कची शिस्त त्यांनाही लावली, एकेक काढून पाहिलं. महाग? काचेच्या कॅबिनेटचे आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांचे पैसे मीच मोजले होते. गडगंज? कंपनी डबघाईला आलेली असती तरी मी की विकत घेतली नसती. शिक्षण? त्याला उबुंटू फुकट आहे आणि पुरतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद सांगतं; कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. पण रोह्यात घरात शिरून कोण बघणार, हेही मला पक्कं ठाऊक. तेव्हा भीतीचंही खातं रिकामंच.

उरलं ते अवघड होतं. मी पेणचा. मुंबईत भलतीकडच्या मूर्तींवर 'पेणचे गणपती' अशी पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत साच्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंत राबणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय, म्हणून त्यांच्या नावाची चोरी मला चोरी वाटते. विंडोज लिहिणाऱ्यांचे हात मी पाहिलेले नाहीत. माझी नीती एवढ्याशा फरकावर हलते, हे आवडलं नाही.

क्रॅक टाकू दिला नाही. परवाना घेऊ म्हणालो. कधी, ते मात्र शिताफीने टाळलं. कोपऱ्यातली अक्षरं अजून तशीच आहेत. लिनक्स भाच्याला नको. त्यावर व्हॅलोरंट हा गेम चालत नाही म्हणतो, आणि ते खरं आहे.