पर्वत कोणासाठी?

स्तोत्र १०४ तपासताना अठराव्या वचनापाशी माझी लेखणी थबकते. स्तोत्रकर्ता तेथे उंच पर्वत रानबकऱ्यांच्या नावे करतो. त्या वचनात मनुष्याचा उल्लेखही नाही. (तेथील ‘शाफान’ या प्राण्याला मराठीत नावच नाही, ही डोकेदुखी वेगळी!)

आपल्या देशात ती रानबकरी पाहायची तर केरळ व तमिळनाडूच्या घाटमाथ्यावर जावे. तमिळ लोक तिला वरैयाडू, म्हणजे कड्यावरची बकरी, म्हणतात. आपण नीलगिरी ताहर म्हणतो. दऱ्यांत शोला वने आणि माथ्यावर मोकळे गवत, हे तिचे घर. इंग्रज अमदानीत ते गवत ‘पडीक’ ठरले आणि चामडे कमावण्याची साल व जळण यांसाठी ऑस्ट्रेलियातील वॉटल व युकॅलिप्टस तेथे लावले गेले. स्वातंत्र्यानंतरही लागवड थांबली नाही. हेतू दुष्ट नव्हता.

आता ती झाडे काढून गवत परत आणायचे आहे. तमिळनाडू शासनाने २०२२ साली ताहरसाठी स्वतंत्र प्रकल्प जाहीर केला. परंतु वॉटलचे बी मातीत अनेक दशके जिवंत राहते. झाड तोडले की असंख्य रोपे उगवतात. कोठे त्याच परक्या झाडाच्या सावलीत शोलाची रोपे वर येत आहेत. मग कुऱ्हाड कोठे थांबवावी? आणि त्या लाकडावर ज्यांची चूल पेटते, त्यांना काय सांगावे?

एरविकुळमचा इतिहास तर अधिकच अडचणीचा आहे. मुन्नारजवळचे हे माळ चहामळेवाल्यांनी शिकारीसाठी राखले, म्हणून वाचले. १९७५ साली तेथे अभयारण्य झाले, १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. बंदुकीच्या हौसेने वाचलेल्या प्राण्याचे श्रेय शिकाऱ्याला द्यावे काय? श्रेय द्यावे, पण त्याला ‘राखण’ म्हणू नये, असे मी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले. उत्पत्ती २:१५ मधील ‘शामर’ हे क्रियापद मेंढरे राखण्यालाही वापरतात, हा माझा आधार. सहकारी शांतपणे म्हणाले, “मेंढपाळ तरी मेंढरे कशासाठी राखतो?” मी निरुत्तर झालो.

तरी त्याच वचनात ‘आबाद’ हे दुसरे क्रियापद आहे. त्यात मशागत आहे तशी सेवाही आहे. वॉटलची रोपे वर्षानुवर्षे वाकून उपटणाऱ्या मजुराला ना ताहरचे मांस मिळणार, ना भिंतीवर लावायला शिंगे. त्याच्या कष्टांना कोणता मराठी शब्द द्यावा? माझ्या टिपणवहीत दोन पर्याय आहेत, अजून पेन्सिलीनेच लिहिलेले.