न खुडलेले फूल

देवाला फूल वाहताना आपण नेमके काय वाहतो, हा प्रश्न आपल्या उपासनेत सहसा उपस्थितच होत नाही; पत्र, पुष्प, फळ आणि जल यांपैकी जे भक्तिपूर्वक अर्पण होईल ते स्वीकारण्याचे आश्वासन गीतेत मिळाले आणि आपण इतके निश्चिंत झालो, की ते पुष्प झाडाने मुळात कोणासाठी धारण केले होते, याची चौकशी करण्याचे कोणाला सुचले नाही. मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या विंझाई देवीच्या राईत मात्र या प्रश्नाला बगल देता येत नाही. देवराईचा शिरस्ता कडक: तेथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, आणि देवळाच्या कामासाठी लाकूड हवेच असेल, तर आधी देवीचा कौल लावायचा. जिच्या हद्दीत गळून पडलेल्या फांदीवरही माणसाची वहिवाट चालत नाही, तिच्याच चरणी वाहण्यासाठी आपण दारचा सोनचाफा, कौल न लावता, पहाटे खुडून नेतो.

ते फूल तळहातावर घेऊन त्याच्या सोनेरी पाकळ्या एकेक करून बाजूला साराव्यात. मधोमध एक लहानशी दांडी उभी असते. तिच्या वरच्या अंगाला बारीक स्त्रीकेसर सर्पिल क्रमाने बसवलेले आणि पायथ्याशी पुंकेसरांची दाटी. दोघे शेजारी, पण दोघांचा मुहूर्त निराळा. फूल उमलू लागते तेव्हा स्त्रीकेसर परागाच्या प्रतीक्षेत असतात आणि पुंकेसर मिटलेले. पुंकेसर फुटतात तोवर स्त्रीकेसरांची ग्रहणशक्ती सरलेली असते, म्हणून पराग दुसऱ्या फुलावरूनच कोणीतरी आणावा लागतो. भ्रमर चंपकाकडे फिरकत नाही, असा संस्कृत कवींचा संकेत आहे, आणि त्यात निरीक्षणाचा अंश असावा असे मला वाटते. कारण हे कूळ इतके प्राचीन, की त्याच्या फुलांची ठेवण मधाच्या लोभाने येणाऱ्या माशीपेक्षा पराग खाणाऱ्या भुंगेऱ्यांना अधिक अनुकूल आहे. कळी खुडली, की त्या भुंगेऱ्याची वाट पाहणारे कोणी उरत नाही. ती झाडावर राहिली असती, तर पुढे ठिपकेदार फळांचा घोस तडकून तांबड्या सालीचे बी बाहेर लोंबले असते, पक्ष्यांनी ते दूर नेले असते आणि वाळून निर्जीव होण्यापूर्वी एखादे ओल्या मातीत रुजलेही असते.

सोनचाफ्याच्या जातीवर आज संकट नाही. बागोबाग लावून माणसानेच तिला तगवले आहे. तिची भावकी तितकी भाग्यवान नाही. जगभरच्या सुमारे 300 जातींपैकी जवळजवळ निम्म्यांचे अस्तित्व धोक्यात असल्याचे 2016 च्या पाहणीत दिसले. रान तुटून झाडे एकमेकांपासून दुरावली, की फुले येतात, पण बी धरत नाही. चीनमध्ये अशा काही जातींना माणसांनी हाताने पराग नेऊन पोचवला आहे. आपल्याकडे याच गणातले दूरचे आप्त, रानटी जायफळाचे वृक्ष, दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील पाणथळीत टिकले, ते लोकांनी ती जागा देवाची म्हणून राखल्यामुळे. त्यांच्यात नर आणि मादी वृक्ष वेगळे असतात. एखादा देखणा वृक्ष वाचवून तेथे काहीच साधत नाही, राईच्या राई राखावी लागते.

भयाने राखलेले रान हे धर्माचरण नव्हे, असा आक्षेप सुशिक्षितांकडून येतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, त्यानंतर या रानांचे मोल शास्त्रालाही मान्य झाले. तरी हा आक्षेप त्याने निकालात निघत नाही. माझे म्हणणे असे, की भय हे आरंभीचे कारण असेल, पण जे हाताशी असून घेतले नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या न घेणे हाच त्याग होय, आणि त्यागाला नैवेद्याहून कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. विंझाईच्या राईत देवीचा वाटा झाडावरच राहतो, आणि तेथेच तो तिला पोचतो. मग हाच शिरस्ता देवळाबाहेरच्या चाफ्यालाही का लागू नसावा? खालच्या फांद्यांची फुले खुशाल पूजेला घ्यावीत. शेंड्याकडच्या फांद्यांना मात्र गुरवानेही हात लावू नये, आणि ही गोष्ट गावाने एकदा रीतसर कौल लावून ठरवून घ्यावी.