योगक्षेम, सालगडी आणि नोटिस पिरियड



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकावर. जे अनन्य भावाने माझी उपासना करतात त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं आश्वासन भगवंत इथे देतात. श्लोक पाठ नसला तरी तो तुमच्या डोळ्यांखालून गेलेला आहे. एलआयसीच्या बोधचिन्हातले संस्कृत शब्द याच श्लोकातले. 1956 साली स्थापन झालेल्या या महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्य कार्यालयाचं नावसुद्धा 'योगक्षेम'. गावाकडच्या घरी पॉलिसीच्या फाइलवर हे शब्द मी गीता हातात घ्यायच्या कितीतरी आधी वाचले होते. त्यामुळे लहानपणी माझी समजूत अशी, की योगक्षेम म्हणजे हप्ता वेळेवर भरणं!

शंकराचार्यांनी भाष्यात या शब्दाची सरळ फोड केली आहे. जे मिळालेलं नाही ते मिळणं म्हणजे योग. जे मिळालंय ते राखणं म्हणजे क्षेम. परवा हे वाचताना मला हसूच आलं. गेले सहा महिने माझ्या डोक्यात जे भांडण चाललंय, ते या दोन शब्दांचंच तर आहे. स्विच मारायचा, की आहे तिथेच राहायचं?

मित्रांचा पक्ष योगाचा. ते म्हणतात, दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलल्याशिवाय पॅकेज हलत नाही. नव्याला मागेल ते देतात आणि जुन्याला अप्रेजलमध्ये मोजून मापून. बाबांचा पक्ष क्षेमाचा. "धरसोड बरी नाही बाळा. ज्यांनी सांभाळलं त्यांना सोडू नये." वरून आमच्या जिल्ह्याची म्हण आहेच, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. म्हणजे जमलं तर ठीक, नाहीतर परभणी आहेच परत यायला. पण पुण्यात फ्लॅटचं कर्ज डोक्यावर असलं की परभणी लांब वाटायला लागते.

हिशोब दोन्हीकडचा खरा आहे. कायम नोकरीत एकाच कंपनीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. महिना 26 दिवसांचा धरून, दर वर्षामागे 15 दिवसांचा शेवटचा पगार. बेसिक 60,000 असेल तर पाच वर्षांचे साधारण 1 लाख 73 हजार. दर दोन-तीन वर्षांनी उडी मारणाऱ्याच्या हातून हे दर वेळी सुटतं. पीएफचं मात्र तसं नाही. यूएएन एकच राहतो, जुनं खातं नव्याकडे ट्रान्सफर करता येतं, आणि जे पेन्शन योजनेत आहेत त्यांची पेन्शनला लागणारी दहा वर्षं दोन-तीन कंपन्या मिळून भरली तरी चालतात. बदलताना पीएफ काढून खर्च करणारा मात्र स्वतःच्या हाताने आपला क्षेम मोडतो.

आणि एका जागी राहिलं की माणूस सुरक्षित, हेही आता तितकं खरं नाही. टीसीएसमध्ये लागलेल्या मुलाला आपल्याकडे सरकारी नोकरीवाल्यासारखा मान. त्याच कंपनीने जुलै 2025 मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. नोटिस देऊन कंपनी मोकळी होऊ शकते, तर नोटिस देऊन आपणही मोकळे. करार दोघांनाच सारखा.

हे सगळं पटलं, तरी एक टोचणी जात नव्हती. सोडून जाणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं का?

त्याचं उत्तर मला गावाकडच्या एका आठवणीत सापडलं. गंगाखेड तालुक्यात आमची थोडी शेती आहे. आमच्या मराठवाड्यात सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. वर्षाची रक्कम ठरते, ज्वारी ठरते, कपडे ठरतात, काही उचल आधी मिळते. साल संपलं की गडी मोकळा आणि मालकही मोकळा. आमच्याकडे एक मामा सलग नऊ सालं होते. दहाव्या पाडव्याला ते दुसऱ्या घरी गेले, कारण तिथे जास्त मिळणार होतं आणि पोरीचं लग्न तोंडावर होतं. आजोबा महिनाभर धुसफुसत होते. "लेकरासारखं वागवलं, तरी गेला." शेवटी आजीने एकदाच विचारलं, "नऊ वर्षांत त्याचं साल कितीनं वाढवलं तुम्ही?" आजोबा गप्प झाले.

पण मला आठवतो तो मामांचा शेवटचा दिवस. नव्या गड्याला त्यांनी सकाळीच आखाड्यावर बोलावून घेतलं होतं. कोणता बैल लाथ मारतो, कोणता डावीकडेच चालतो, विहिरीची मोटर कधी दगा देते, कोणत्या बांधावरून शेजाऱ्याशी कुरबुर आहे, सगळं दाखवलं. दिवस मावळेपर्यंत वखर दुरुस्त करून दिला, बैलांना पाणी पाजलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेले. आपण ज्याला केटी म्हणतो आणि शेवटच्या आठवड्यात कसंबसं उरकतो, ते मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

गावात मामांना कुणीच बेइमान म्हटलं नाही. बेइमान म्हणायचे ते एकाची उचल घेऊन दुसऱ्याच्या औतावर जाणाऱ्याला. ऐन मिरगाच्या तोंडावर साल मोडून पळणाऱ्याला. आणि हो, ठरलेली ज्वारी न देणाऱ्या मालकालाही. असा मालक असेल तर ते साल त्यानेच मोडलेलं असतं, तिथून निघून जाण्यात कसलं पाप?

सालगड्याचं जिणं गोड होतं असं मी म्हणत नाही. उचल फिटत नाही म्हणून वर्षानुवर्षं एकाच दारात अडकलेलेही होते, आणि मालक त्याला कौतुकाने निष्ठा म्हणायचे. आपणही कधी कधी तेच करतो. हप्त्याची भीती असते, इंटरव्ह्यूची भीती असते, आणि नाव देतो निष्ठेचं. मी स्वतः दोन वर्षं दिलं.

गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी आयुष्यभर राबल्या. "बघा, एकाच घरी राहिल्या" असं उदाहरण कुणी देतं तेव्हा मला वाटतं, आपण चुकीचं वाचतोय. काम त्यांनी त्या घरचं केलं, मनापासून केलं, पण निष्ठा होती ती विठ्ठलावर. म्हणून तर तो त्यांच्यासोबत दळायला बसला, अशी आपली श्रद्धा. आपलं गणित उलटं आहे. निष्ठा कंपनीला, आणि विठ्ठलाला वेळ मिळाला तर रविवार.

आता माझं खरं सांगतो. तीन महिन्यांपूर्वी मी राजीनामा दिला. काम तेच तेच झालं होतं, शिकणं थांबलं होतं. चार वर्षं दोन महिने झाले होते, म्हणजे ग्रॅच्युइटी सोडून निघालो. एका नव्या कंपनीला होकार दिलाय, येत्या सोमवारी जॉइनिंग आहे. आणि मागच्या आठवड्यात तिसऱ्याच कंपनीची ऑफर आली. वर्षाला सहा लाख जास्त!

कर जाऊन चार लाखांच्या वर राहतात. माझा हप्ता 38,000 चा, म्हणजे जवळपास अकरा महिन्यांचे हप्ते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन याच वर्षी करायचंय. मित्र म्हणाले, "सगळेच करतात. त्यांनी ऑफर मागे घेतली असती तर तुला विचारलं असतं का?" प्रश्न रास्त आहे. नसतं विचारलं. पण समोरचा उद्या कदाचित शब्द मोडेल म्हणून मी आजच माझा मोडावा, हे मला मामांसमोर उभं राहून सांगता आलं नसतं. होकार देणं म्हणजे उचल घेणंच. माझ्या होकारावर त्यांनी बाकीच्यांना नाही म्हटलंय. त्यांतल्या एखाद्याच्या घरीही हप्ता असेलच.

मग श्लोकाकडे परत आलो. गंमत बघा, दुसऱ्या अध्यायात पंचेचाळिसाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला योगक्षेमाची चिंता सोडायला सांगतात, आणि नवव्यात म्हणतात ती मी वाहतो. म्हणजे आपण हातपाय हलवायचेच नाहीत का? शंकराचार्यांनी इथे स्वतःच शंका काढली आहे: इतर भक्तांचा योगक्षेम देव वाहत नाही का? उत्तर देतात, वाहतोच. फरक इतकाच, की इतर भक्त स्वतःसाठी स्वतःही धडपडतात, आणि अनन्य भक्त ती धडपड करत नाहीत.

मला या उत्तराने फार धीर दिला. मी त्या 'इतरां'मधला. एक्सेल शीट उघडून बसणारा. पण माझ्यासारख्याचाही तो वाहतोच, असं आचार्य म्हणतात. मग मी धडपड जरूर करीन, नोकरी बदलीन, पगाराची घासाघीसही करीन. फक्त जिथे पुढचं पाऊल माझ्याच शब्दावर पडतंय, तिथे थांबीन. त्यापुढचं ओझं त्याच्यावर टाकायचं नसेल, तर मी रोज हा श्लोक म्हणतो कशाला?

काल रात्री तिसऱ्या कंपनीला नकाराचा मेल पाठवला. मन एकदम शांत झालं, असं लिहिलं तर खोटं होईल. आज सकाळी चहा पिताना सहा लाखांचा हिशोब पुन्हा करून झाला. मग बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिलेला शब्द पाळलास, बरं केलंस. ऑपरेशन दिवाळीनंतर बघू. बनी तो बनी..." आणि हसले.

आजचा संकल्प: जुन्या कंपनीत माझे तीन दिवस राहिलेत. केटी मामांसारखी करायची, दिवस मावळेपर्यंत.

राम कृष्ण हरी.